नऊ महिने व्हील वापरल्यावर: सगळा जीव ब्रेकच्या पेडलात आहे

मी घरी कॉम्प्युटरला स्टीअरिंग व्हील आणि पेडल जोडून गाड्यांच्या ऑनलाइन शर्यती खेळते. फेब्रुवारीत माझा ब्रेक आपोआप लागायला लागला. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर, गाडी सरळ रस्त्यावर, आणि मध्येच क्षणभर वेग तुटायचा. मागून येणाऱ्याला काय कळणार? तो येऊन धडकला. दोघांच्याही नावावर चार-चार इन्सिडंट पॉइंट, म्हणजे धडकेचे दंडगुण, चढले, कारण आयरेसिंग हा शर्यतीचा गेम चूक कुणाची ते बघत नाही. शर्यत संपल्यावर त्याने चॅटवर विचारलं, सरळ रस्त्यावर ब्रेक का मारलास? मी लिहिलं, मारला नाही. खरं तेच होतं, पण त्याला ते कसं पटावं! त्या रात्री मला झोप लागली नाही. हा अनुभव लिहायला घेतला तो त्या धडकेमुळे.

व्हील साधंच आहे. गिअरवालं (आतल्या मोटरचा जोर गिअरमधून हाताला देणारं), ९०० अंश फिरणारं, तीन पेडलचं. नोव्हेंबरमध्ये जुनं घेतलं, साडेतेरा हजारांना. बाकी माहिती तुम्हाला असेलच. फोर्स फीडबॅक, म्हणजे गाडीचा जोर हाताला जाणवणं, ठीक, गिअरची खडखड रात्री शेजारच्या खोलीत ऐकू जाते, लेदर अजून शाबूत आहे. त्याबद्दल एवढंच.

सुरुवात असेटो कोर्साने केली. २०१४ चा गेम, सेलमध्ये स्वस्त मिळतो आणि जुन्या लॅपटॉपवरही चालतो. दोन महिने मोंझाला एकटीच फिरत होते. ५.७९३ किलोमीटरचा ट्रॅक, आणि माझं भांडण फक्त पहिल्या शिकेनशी, म्हणजे लागोपाठच्या उलटसुलट वळणांशी. कधी वळणाआधीच्या १५० मीटरच्या पाटीला ब्रेक, कधी १०० च्या, आणि दोन लॅप सारखे म्हणून येत नव्हते. मग त्याच मालिकेतला २०१९ चा ‘कॉम्पेटिझिओने’ हा गेम घेतला. त्यातल्या जीटी३ वर्गाच्या शर्यतीच्या गाड्यांना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, असते. पेडल दाणकन दाबलं तरी गाडी सावरून घेते, त्यामुळे मला वाटलं, जमलं आपल्याला. यूट्यूबवर सगळे डायरेक्ट ड्राइव्ह (गिअरशिवाय थेट मोटरवर बसवलेल्या) व्हीलचं कौतुक करतात, म्हणून मीही त्यासाठी महिन्याला दोन हजार बाजूला टाकायला लागले होते.

आयरेसिंगबद्दल माझं मत वाईट होतं. महिन्याचं भाडं भरायचं, आणि वर एकेका ट्रॅकचे बारा-पंधरा डॉलर वेगळे मोजायचे, हे मला कधीच पटलं नसतं. भावाने वाढदिवसाला तीन महिन्यांची वर्गणी भरली म्हणून आत शिरले. सोबत मिळणाऱ्या गाड्यांत फॉर्म्युला व्ही होती. जुन्या फोक्सवॅगन बीटलच्या भागांवर बेतलेली, १२०० सीसीचं इंजिन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, एबीएस नाही. त्या गाडीने माझं सगळं उघडं केलं. ब्रेक जरा जास्त पडला की पुढची चाकं लॉक आणि गाडी सरळ गवतात. जरा कमी पडला तरी गवतातच.

मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. घसरणाऱ्या पृष्ठभागाचं गतिक घर्षण स्थितिक घर्षणाच्या कमाल मर्यादेपेक्षा कमी असतं, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. चाक लॉक झालं की टायर घसरायला लागतो आणि पकड कमी होते, हे त्याच वाक्यात आहे. पण ती कडा पायाला कळणं वेगळं. लॉक होण्याच्या जरासं अलीकडे दाब धरायचा, वळणात शिरताना स्टीअरिंग जसं वाढेल तसा तो हळूहळू सोडायचा. ब्रेक लागलेला असताना भार पुढे आलेला असतो, म्हणून पुढचे टायर वळवायला तयार असतात. एकदम सोडला की भार मागे जातो आणि गाडी नाक वळवत नाही. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात, आणि ऑनलाइन शर्यतीत मला जो काही आनंद मिळाला तो बहुतेक इथेच आहे. लाइम रॉक ट्रॅकच्या बिग बेंड या वळणाला पहिल्यांदा हे नीट साधलं तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले होते (युरोपातले लोक जेवून बसतात तेव्हा आपली मध्यरात्र होते), लेक झोपली होती, आणि मला ओरडताही येईना.

आणि नेमकं तेव्हाच पेडल बिघडलं.

सर्व्हिस सेंटरला तीन वेळा फोन केला. आधी म्हणाले, सेटिंग तपासा. मग म्हणाले, व्हीलचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर पुन्हा टाका. मी ब्रेकचा आलेख काढून पाठवला. पाय पेडलवर नसताना रेघ करवतीच्या दात्यांसारखी उठत होती. त्यावर उत्तर आलं: पेडल सुटं मिळत नाही, पूर्ण संच घ्या, नऊ हजार. पेडल किती दाबलं ते मोजणारा आतला बारीकसा पोटेन्शिओमीटर खराब झालाय म्हणून नऊ हजार! मला खरोखर संताप आला. वस्तू दुरुस्त होऊ शकते हे माहीत असूनही ती टाकून द्या म्हणणं चूक आहे, आणि हे मी मनापासून लिहितेय.

स्वतः उघडलं. आमच्या प्रयोगशाळेतले सहायक मदतीला होते. आत धूळ होती, कॉन्टॅक्ट क्लीनर मारला आणि महिनाभर ब्रेक पुन्हा नव्यासारखा चालला. एप्रिलमध्ये दाते परत आले. पोटेन्शिओमीटरमध्ये आतल्या पट्टीवर एक टोक घासत असतं. धूळ येणार आणि झीज होणार, ते टळत नाही. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की बिघाड बाजूला ठेवला तरी या पेडलची रीतच मला पटत नाही. पेडल किती खाली गेलं तेवढंच ते मोजतं. खऱ्या गाडीत आपण ब्रेक तसा मारत नाही. तिथे पेडल थोडं जातं आणि मग कडक लागतं, आणि पुढचं सगळं पायाच्या जोरावर असतं. सांगली-कोल्हापूर रस्त्यावर ट्रकच्या मागे ब्रेक लावताना मी पाय किती सेंटिमीटर गेला ते बघत नाही, जोर बघते. तोच जोर पायाला दुसऱ्या दिवशीही आठवतो.

जोर मोजायला लोड सेल लागतो. तयार लोड सेल पेडलची किंमत बघितली आणि लॅपटॉप मिटला. मग वाटलं, अरे, प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यात हेच तर असतं.

मार्केट यार्डात हळदीच्या पेढ्यांजवळ काटे दुरुस्त करणारे एक काका बसतात. म्हटलं, काका, फक्त लोड सेल हवाय.

"काटा नको? निस्ता सेल?"

"हो. पायाने दाबायचाय."

"पायानं? किती वजन पडंल?"

"पन्नास किलो धरा."

त्यांनी खणातून एक ॲल्युमिनियमची दांडी काढली. चार वायरी बाहेर आलेल्या, लाल, काळी, हिरवी, पांढरी. म्हणाले, "ह्यो घ्या. हळदीची पोती सोसल्यात ह्यानं. तुमचा पाय कसला जड, मॅडम!"

सहाशे रुपये घेतले. सेलचा सिग्नल वाचणारा एचएक्स७११ बोर्ड १२०, तो कॉम्प्युटरला पोचवणारा आर्डुइनोचा छोटा बोर्ड ५५०, पेडल कडक लागावं म्हणून गॅरेजमधून दोन रबरी बुश ८०, पट्टी आणि वेल्डिंग २५०. एकूण सोळाशे. नऊ हजारांच्या जागी.

कुणी करणार असेल तर एक गोष्ट नीट वाचा, कारण माझा यात आठवडा गेला. हे एचएक्स७११ बोर्ड बहुतेक वेळा सेकंदाला १० नोंदींवर लावून येतात. वजनकाट्याला तेवढं पुरतं. पण ताशी १६० म्हणजे सेकंदाला ४४ मीटर. दोन नोंदींमध्ये गाडी जवळजवळ साडेचार मीटर पुढे जाते, आणि मी बसले होते पायाला दोष देत. चिपची रेटची पिन वरच्या व्होल्टेजला जोडली की सेकंदाला ८० नोंदी मिळतात. आमच्या सहायकांनी चष्मा कपाळावर चढवून ते बारीक सोल्डरिंग केलं. त्याच संध्याकाळी ब्रेक वेळेवर लागायला लागला.

पहिल्यांदा शंभर टक्के ब्रेक ४५ किलोवर ठेवला. चूक. पोटरी दुखते आणि चाकांची खुर्ची मागे पळते. आता सासऱ्यांची जुनी लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून बसते, पेडलखाली जाड प्लायवूड, आणि प्लायवूड खुर्चीच्या पायांना पट्ट्याने बांधलेलं.

इथपर्यंत जूनमध्ये लिहून ठेवलं होतं. आता ऑगस्ट आहे आणि दोन मतं बदलली आहेत.

पहिलं व्हीलबद्दल. डायरेक्ट ड्राइव्हसाठी टाकत होते ते पैसे मी थांबवले. गिअरवाल्या व्हीलमधून पुढचे टायर सुटायला लागल्याची जाणीव पुसट येते, हे खरं आहे आणि चांगलं व्हील मिळालं तर मला आवडेलच. पण व्हील तेच असताना फक्त ब्रेक बदलल्यावर लाइम रॉकला माझे दहा लॅप तीन दशांश सेकंदांच्या आत यायला लागले. आधी ते दीड सेकंदभर इकडेतिकडे असायचे. नवीन माणसाने चाळीस हजारांचं व्हील घेऊन त्याला पोटेन्शिओमीटरचं पेडल जोडू नये, असं मी आता ठामपणे सांगते.

दुसरं आयरेसिंगबद्दल. भावाची वर्गणी मेमध्ये संपली आणि पुढची मी स्वतःच्या पैशाने भरली. जर्मनीच्या सर्व्हरवर माझा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला संदेशाला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आसपास असतो, तरी अंगाला अंग लावून शर्यत करता येते. लोक जागा सोडतात, कारण धडकेची किंमत त्यांनाही मोजावी लागते. फेब्रुवारीत ज्या नियमाचा मला राग आला होता त्याच नियमामुळे मी शेजारच्या गाडीवर भरवसा ठेवून वळणात शिरते. ट्रॅक मात्र अजून एकही विकत घेतलेला नाही. सोबत मिळालेले अजून पुरून उरलेत.

गेल्या शनिवारी शेवटचे चार लॅप फिनलंडचा एक माणूस माझ्या मागच्या चाकाला लागून होता. प्रत्येक लॅपला बिग बेंडला आत नाक घालायचा. मी दर वेळी त्याच पाटीला, त्याच जोराने दाबलं आणि सोडलं. गाडी चारही वेळा तिथेच आली. सातवी आले. शर्यतीनंतर त्याने चॅटवर लिहिलं, ब्रेकिंग छान होतं. मी उठून ते वाक्य ह्यांना दाखवायला गेले, तर पहाटेचा एक वाजला होता. सकाळी दाखवलं.

सध्या शंभर टक्के ३० किलोवर आहे. बुश थोडे मऊ पडलेत, गणपतीच्या सुट्टीत बदलणार आहे. क्लचच्या पेडलात अजून जुना पोटेन्शिओमीटरच आहे आणि त्याचेही दाते आता दिसायला लागलेत.