बर्डीतलं कॅसेट ट्रान्सफरचं दुकान: काम चांगलं, पण 'साफ' करू देऊ नका

नागपुरात बर्डीवर (सीताबर्डी) जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हमध्ये टाकून देणारं एक दुकान आहे, गल्लीत, वरच्या मजल्यावर, त्याचा अनुभव लिहून राहिलो. नाव मुद्दाम टाकत नाही, माणूस मेहनती आहे आणि माझ्या रडगाण्यापायी त्याचं गिऱ्हाईक तुटू नये, पण ज्यांच्या घरी आईबापाचा, आजीचा आवाज कॅसेटीत पडून आहे त्यांनी पैसे देण्याआधी हे वाचा.

माझ्याकडे ११ कॅसेटी होत्या. आठ साठ मिनिटांच्या, तीन नव्वदच्या. इंदोऱ्याच्या घरी माळ्यावर टिनाच्या पेटीत वीस-बावीस वर्षं पडलेल्या, आणि नागपूरचा मे महिना म्हणजे तुम्हाला सांगायला नको, पत्र्याखाली ४५-४६ डिग्रीत माणूस वितळते तिथं कॅसेटीचं काय. दोघींचा आतला स्पंजचा तुकडा गळून पडलेला, एकीच्या रिळावर पांढरी बुरशी. मला वाटलं गेल्या ह्या. पण दुकानवाल्या भाऊने स्क्रू खोलून रीळ दुसऱ्या खोक्यात बसवलं, बुरशी कापसाने हळूहळू पुसली, प्रत्येक कॅसेटआधी डेकचं हेड स्पिरिटने साफ केलं, मी स्वतः स्टुलावर बसून पाहिलं. ह्याला पैकीच्या पैकी मार्क. रेट पण सांगतो, साठवाली १५० आणि नव्वदवाली २००, म्हणजे माझे १८०० झाले. लोक म्हणतात महाग आहे, पण हे कॉपी-पेस्ट नाही ना बाप्पा, कॅसेट जितकी लांब तितकाच वेळ ती चालवावी लागते, माझ्या ११ चे साडेबारा तास. चार दिवसांत दिलं.

आता घोळ.

घरी येऊन पहिली आजीची फाइल लावली. १९८८ साली काकाने जात्यावर बसवून टेप केलेल्या ओव्या. आजी १४ ऑक्टोबर १९५६ ला कुहीकडच्या आमच्या गावाहून पायी दीक्षाभूमीला गेलेली, अंगावर धुऊन धुऊन पांढरं पडलेलं लुगडं आणि कडेवर माझा बाप, वर्षाचा. तर फाइलमध्ये आजीचा आवाज असा येऊन राहिला जशी ती डब्यात तोंड घालून गाते. जात्याची घरघर गायब. भाऊने 'नॉइज' म्हणून काढून टाकली. अरे पण ओवी जात्याच्या फेऱ्यावरच चालते, घरघर काढली तर खाली ताल उरतच नाही, नुसती एक म्हातारी बाई हवेत गाऊन राहिली असं वाटते.

त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट दुसरी. मला लहानपणापासून आठवते की ह्या कॅसेटीत आजी सुरुवातीला चुकते. सवयीने 'पहिली माही ओवी वं, इठ्ठल...' असं तोंडातून निघते, जातं थांबते, मग ती हळूच हसून म्हणते, 'पाय बाप्पा, तोंडात तेच येते', आणि परत खुंटा धरून, 'पहिली माही ओवी वं, माह्या भीमरायाले.' चाल तीच. तीस-बत्तीस वर्षं झालेली दीक्षा घेऊन आणि जिभेवर अजून जुना देव बसलेला, हे त्या एका हसण्यात आहे सगळं. फाइलमध्ये ते नाहीच. थेट भीमरायापासून सुरू. आवाज हळू होता म्हणून सॉफ्टवेअरला वाटलं शांतता आहे, कापलं.

मग बाबांच्या फाइली पाहायला घेतल्या आणि तिथं तर डोकंच फिरलं.

बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते (१८७७ ची मिल, आता तिथं मॉल आहे, मी तिथं पिक्चर पाहायला जातो हे त्यांना सांगायची कधी हिंमत नाही झाली). ड्युटी सुटली की गायन पार्टी. पेटी, ढोलक, बेंजो, आणि १४ एप्रिलच्या आसपास तर महिनाभर रोज कुठल्या ना कुठल्या वस्तीत कार्यक्रम, कधी दुसऱ्या पार्टीशी कव्वालीचा सामना, पहाटेपर्यंत. वामनदादा कर्डकांची गाणी तर सगळ्याच पार्ट्या गायच्या, पण बाबांची स्वतः रचलेली पण चार-पाच होती. मिलच्या भोंग्यावर एक, हुंड्यावर एक, आणि एक दारूवर. दारूवरचं सगळ्यात गाजलेलं. त्याचं धृपद असं:

सोड गड्या बाटली, ऐक माही साद,
तुह्या घरच्या चुलीची जरा ठेव याद

वन्समोअर मिळायचा. आणि स्टेजवरून उतरला की माझा बाप मागच्या गल्लीत जाऊन प्यायचा. दीक्षाभूमीवरच्या त्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू पिणार नाही ही पण एक आहे, आजीने ती त्याला कडेवर घेऊनच म्हटली होती, ती हे त्याला रोज ऐकवायची आणि तो रोज ऐकून घ्यायचा. आम्हा पोरांना त्या गाण्याची लाज वाटायची. मी सातवीत होतो, मंडपात मागे बसायचो, लोक टाळ्या वाजवायचे आणि मी चपला पाहत राहायचो.

हे गाणं दोन कॅसेटींत होतं. एकीवर बाबांच्या अक्षरात १९९१, दुसरीवर १९९७. पेनड्राइव्हमध्ये एकच निघालं. फोन लावला तर भाऊ म्हणे, 'सेम गाणं दोनदा होतं ना दादा, डुप्लिकेट काढून टाकलं, ज्याचं रेकॉर्डिंग क्लीन ते ठेवलं.' क्लीन म्हणजे ९१ चं, तेव्हा पार्टी जोरात होती, माईक चांगला होता. ९७ चं घरीच टेप केलेलं, मागून कुकरची शिट्टी येते.

दुसऱ्या दिवशी मेट्रोत बसलो, इंदोरा ते सीताबर्डी, कॅसेट पिशवीत. भाऊला म्हटलं लाव डेकवर आणि दोन्ही ऐक, धृपदच ऐक फक्त. ९७ मध्ये बाबा गातात:

सोडली गड्या बाटली, ऐकून तिची साद,
माह्या घरच्या चुलीची आली मले याद

आवाज बसलेला, वय कळते. ढोलक नाही, बेंजो नाही, नुसती पेटी आणि तीही एका पट्टीत अडकलेली. 'माह्या घरच्या' म्हणताना एक क्षण थांबतात आणि मागून माझी आई काहीतरी म्हणते, काय ते मला आजपर्यंत नीट लागलं नाही. तेवढंच बदललेलं गाण्यात, दोन ओळी, बाकी अंतरे जसेच्या तसे. समाजप्रबोधन म्हणून लोकांना सांगायचं गाणं होतं ते, सहा वर्षांनी स्वतःला लागू झालं, आणि हे माणसाने कधी तोंडाने सांगितलं नाही घरात, माफी वगैरे तर विसरा, एका संध्याकाळी पेटी काढली आणि टेपचं बटण दाबलं.

भाऊने दोनदा ऐकलं. मग म्हणे, 'हे मी नव्हतं काढायला पाहिजे.' सगळं परत केलं, पण परतच्या कामाचे अर्धे पैसे लावले, ९००. वाद घातला नाही, त्याचे पण साडेबारा तास परत गेले. पण चूक तुमची आणि पैसे माझे हे मला पटलं नाही, ते इथं लिहून ठेवतो.

तर जाणार असाल तर आधीच कागदावर लिहून द्या: नॉइज काढू नको, शांतता कापू नको, एकच गाणं दहादा असलं तरी दहाही दे. सांगितलं नाही तर तो एमपीथ्री (आवाज दाबून लहान केलेली फाइल) देते, तुम्ही वेव्ह (न दाबलेली) फाइल मागा, मिनिटाला दहा एमबी धरा, माझं सगळं मिळून साडेसात जीबीत बसलं, ३२ चा पेनड्राइव्ह पुरून उरला. ओरिजिनल कॅसेटी मोजून परत घ्या आणि फेकू नका, माझ्या फेकलेल्या असत्या तर ९७ गेलं होतं.

पाचपैकी तीन. दोन मी ऑटो कटने कापले.

आणि गाडी नेऊ नका, त्या गल्लीत सायकल लावायला जागा नाही.