ट्रस्टचं मॅटर्निटी हॉस्पिटल: डिलिव्हरीला ५ स्टार, आधी न सांगण्याला शून्य, एकूण ३ धरा

हॉस्पिटलचं नाव टाकत नाहीये. एक तर तिथल्या सिस्टर लोकांनी माझं एवढं केलंय की त्यांना त्रास झालेला मला नकोय, आणि दुसरं म्हणजे ट्रस्ट कुठल्या धर्माचा ते कळलं की लोक त्यावरच भांडत बसतात आणि मुद्दा राहतो बाजूला. पुण्यातलं आहे, जुनं आहे, आवारात प्रार्थनेची जागा आहे, बास.

माझी मोठी मुलगी पण इथेच झाली, सिझर, त्यामुळे दुसऱ्या वेळी दुसरीकडे जायचा प्रश्नच नव्हता. आणि खरं सांगते, सेवा अजूनही तशीच आहे. संडास-बाथरूम इतके स्वच्छ की आमच्या सासूबाई, ज्या लोकांच्या घरी फुलपात्र स्वतः विसळून घेतल्याशिवाय पाणी पीत नाहीत, त्यासुद्धा म्हणाल्या बरंय हो इथे. रात्री ३ ला बाळ दूध ओढेना तेव्हा सिस्टर अर्धा तास माझ्या शेजारी बसून शिकवत होत्या, एकदाही घड्याळ बघितलं नाही. बिल सगळं मिळून ७८ हजार, सिझर, सेमी प्रायव्हेट. उगाच टेस्ट लावत नाहीत. कॅन्टीनचा उपमा कायम गार असतो, डबा घरून आणा.

आता मुद्दा. आम्हाला दोनच मुलं हवी होती, त्यामुळे सातव्या महिन्यातच मी ओपीडीत मॅडमना म्हणलं की सिझर करतानाच टीएल पण करून टाका, म्हणजे कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन. त्या म्हणाल्या बघू पुढे. मला वाटलं बघू म्हणजे बघू. ३७ व्या आठवड्यात ॲडमिशनचे फॉर्म भरायला गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणते मॅडम ते आपल्याकडे होत नाही. मी विचारलं होत नाही म्हणजे काय, सर्जन नाहीत का? तर म्हणे नाही नाही, मॅनेजमेंटची पॉलिसी आहे, आणि असं बघितलं माझ्याकडे की जणू मी देवळात अंडाबुर्जी मागितली. तांबी पण बसवत नाहीत हेही तेव्हाच कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सिझरच्या वेळी पोट उघडलेलंच असतं, भूल दिलेलीच असते, नळ्या समोर दिसत असतात, बांधून कापायला अगदी थोडी मिनिटं जास्त लागतात. ती संधी गेली की मग डिलिव्हरीनंतर आठवड्याच्या आत तरी करायचं, नाहीतर ६ आठवडे थांबायचं आणि परत ॲडमिट, परत भूल, परत उपाशी राहणं, आणि ह्या वेळी घरात अंगावर पिणारं बाळ. मग मी हॉस्पिटल का नाही बदललं? ३७ आठवड्यांची, आधी सिझर झालेली बाई कोण आनंदाने घेतं सांगा. दोन ठिकाणी फोन केला, एकांनी सगळ्या टेस्ट परत सांगितल्या, दुसऱ्यांनी सरळ नाही म्हणलं. कॅशलेसची मंजुरी पण इथलीच आलेली.

बरं, त्यांच्या श्रद्धेत बसत नाही तर नका करू, मी त्यावर वाद घालत नाही. पण ओपीडीच्या भिंतीवर बघा. इथे गर्भलिंग निदान केलं जात नाही, हा बोर्ड आहे, तो कायद्याने लावावाच लागतो. धर्मादाय योजनेचा बोर्ड आहे, १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत. २०२१ च्या नर्सिंग होमच्या नियमांमुळे रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रक पण आहे. चपला बाहेर काढा आहे. म्हणजे जे करायला कायद्याने बंदी आहे ते करत नाही हे मोठ्या अक्षरात, आणि जे कायद्याने चालतं पण आम्ही करत नाही, त्याची एक ओळ नाही कुठे. पहिल्या व्हिजिटला केसपेपरवर शिक्का मारला असता तरी माझं काम झालं असतं.

माझी मामेबहीण शिकागोला असते, तिला सांगितलं तर ती हसायलाच लागली, म्हणाली अगं इथे हे कायमचं आहे. अमेरिकेत ६०० च्या वर कॅथलिक हॉस्पिटलं आहेत आणि त्यांना बिशप मंडळींची लेखी नियमावली आहे, त्यात नसबंदी, गर्भपात, संततिनियमनाची साधनं सगळ्याला नाही. तिनेच सांगितलं ते नंतर मी वाचून काढलं, १९७२ मध्ये माँटाना राज्यात बिलिंग्जच्या कॅथलिक हॉस्पिटलमध्ये एका बाईने डिट्टो हेच मागितलं होतं, सिझरबरोबर नळ्या बांधा म्हणून. हॉस्पिटलने नाही म्हणलं, ती नवऱ्याबरोबर कोर्टात गेली, कोर्टाने आधी तिच्या बाजूने मनाई हुकूम दिला, आणि १९७३ ला अमेरिकेच्या संसदेने कायदाच केला की सरकारी पैसा घेतला तरी धार्मिक कारणावरून असं नाकारता येतं. मग तो हुकूम पण गेला. तो कायदा मांडणाऱ्या सिनेटरचं आडनाव चर्च, खोटं वाटेल पण खरंय. निदान तिथे नियम छापलेले तरी आहेत, आमच्याकडे काउंटरवरच्या मुलीच्या तोंडी.

आणि आपल्याला हे नवीन आहे असं पण नाही. हिंगण्याच्या अण्णा कर्व्यांचे चिरंजीव र. धों. मुंबईत विल्सन कॉलेजला गणित शिकवायचे, संततिनियमनावर उघड बोलायला लागले तर तिथल्या मिशनरी व्यवस्थापनाने राजीनामा मागितला. त्यांनी दिला आणि १९२१ ला सरळ संततिनियमनाचं केंद्र काढलं. शंभर वर्षं झाली की हो त्याला.

माझं तर फक्त गैरसोयीवर निभावलं. शेवटच्या ओपीडीला माझ्या बाजूला एक मुलगी बसलेली, एनॉमली स्कॅनमध्ये, म्हणजे बाळात व्यंग आहे का बघणाऱ्या सोनोग्राफीत, काहीतरी गंभीर निघालेलं, तिला एवढंच सांगितलं की गर्भपात इथे होणार नाही, फाईल घेऊन जा. कुठे जा ते नाही. तिला तर दिवस मोजायचे होते. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मध्ये दोन लागतात आणि तेही ठराविक कारणांसाठीच, २४ च्या पुढे बाळात गंभीर दोष असेल तर मेडिकल बोर्ड, हे २०२१ च्या दुरुस्तीनंतरचं. खाजगी हॉस्पिटलने गर्भपाताची मान्यता घेतलीच पाहिजे असं बंधन नाही, मान्य. पण एका चिठ्ठीवर ससून एवढं लिहून द्यायला कुठला देव आडवा येतो? मीच तिला सांगितलं, आणि हेही की सज्ञान बाईला त्यासाठी फक्त स्वतःची सही लागते, नवऱ्याची नाही. तिचा नवरा बिचारा पार्किंगमध्ये रडत होता, तो नाही म्हणणारा नव्हताच.

मग माझं काय झालं. अडीच महिन्यांनी दुसऱ्या एका नर्सिंग होममध्ये दुर्बिणीतून करून घेतलं, ३८ हजार. मेडिक्लेमने एक रुपया दिला नाही कारण नसबंदी पॉलिसीत वगळलेली असते, हे पण तेव्हाच कळलं, तुमची पॉलिसी काढून बघा. सरकारी दवाखान्यात फुकट होतं पण तान्ह्या बाळाला घेऊन लाइनीत थांबायची ताकद नव्हती. त्या नर्सिंग होममध्येही काउंटरवर मिस्टरांची सही मागितलीच, मी म्हणलं सरकारी नियमात नवऱ्याची संमती लागत नाही, तर म्हणे आमची पद्धत आहे. म्हणजे देव नसला तर मिस्टर.

हो, आणि मिस्टरांनीच का नाही केलं हे विचारणार असाल तर, ते तयार होते. बिनटाक्याची पुरुष नसबंदी कितीतरी सोपी असते, त्याच दिवशी घरी, फक्त तीन महिने जपायचं आणि मग तपासणी. सासूबाईंनी दोन दिवस अन्न सोडलं. त्या घरात चाळीस दिवसांचं बाळ घेऊन मला लढाई लढायची नव्हती म्हणून मी माझं पोट पुढे केलं, ह्यात हॉस्पिटलचा दोष नाही.

तुम्ही नाव घालणार असाल तर पहिल्याच व्हिजिटला तोंड उघडून विचारा: टीएल करता का, तांबी बसवता का, गर्भपाताची मान्यता आहे का, आणि मध्येच गर्भ खराब झाला, ब्लीडिंग सुरू झालं तर ठोके बंद व्हायची वाट बघता का. हा शेवटचा प्रश्न मी मेट्रनना विचारला होता, माझं माहेर बेळगावचं, सविता हलप्पनवार मूळची तिथलीच, २०१२ साली आयर्लंडमध्ये गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून डॉक्टरांनी गर्भपात नाकारला आणि ती गेली, ते आमच्याकडे कुणी विसरलेलं नाही. मेट्रन शांतपणे म्हणाल्या, बाईचा जीव आधी, त्यात आम्ही कुणाला विचारत नाही. त्यांच्यावर माझा विश्वास आहे. पण लेखी मागितलं तर म्हणाल्या ऑफिसला विचारा, आणि ऑफिस दुपारी १ ते ३ बंद.

बाळाच्या लसी अजून तिथेच घेतो, त्यांची पीडियाट्रिक सिस्टर सुई टोचलेली कळू देत नाही. टू व्हीलर पार्किंग २० रुपये, पावती हरवली तर परत २०.