१२ व्होल्टचा ४० लिटर फ्रिज: गाडी दिवसभर बीचवर्थमध्ये उभी राहिली की खरी परीक्षा

फ्रिजची माहिती सगळीकडे आहे, ती पुन्हा देत नाही. चालत्या गाडीत हा फ्रिज उत्तम आहे आणि कॅम्पवर २४० व्होल्टला लावला तर तक्रारीला जागाच नाही. गोची होते ती मधल्या वेळात. सकाळी लेक सॅम्बेलच्या कॅम्पवरून निघायचं, फोर्ड स्ट्रीटला गाडी लावायची आणि बीचवर्थ, हे ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यातलं जुनं गाव, पायी बघायचं. ऑगस्ट १८८० मध्ये कुप्रसिद्ध दरोडेखोर नेड केलीची प्राथमिक सुनावणी झाली ते कोर्ट, जुना तुरुंग, बर्क म्युझियम, दफनभूमीत चिनी लोकांनी कागदी प्रार्थना जाळण्यासाठी बांधलेले मनोरे. हे गाव घाईनं उरकायचं नाही, पाच-सहा तास सहज जातात. परत यावं तर डिस्प्लेवर ई१, आत १४ अंश आणि मॅरिनेट केलेलं चिकन थेट कचऱ्यात. एवढं चिकन फुकट जाणं मला अजिबात परवडत नाही.

ई१ म्हणजे व्होल्टेज कमी. सर्व्हिस सेंटरचं उत्तर एकच: बॅटरी बदला. बॅटरी ठणठणीत होती. मल्टीमीटर लावला तर बॅटरीवर १२.४ व्होल्ट आणि त्याच वेळी, कॉम्प्रेसर चालू असताना, फ्रिजच्या सॉकेटपाशी ११.३. मधला १.१ व्होल्ट वायरिंग खातंय. सोबत मिळणारी केबल ३ मीटरची आणि आत तांबं जेमतेम १.३ चौरस मिलिमीटर. जाऊन-येऊन ६ मीटर धरले तर ५ अँपिअरला ०.४ व्होल्ट तिथेच गेले. उरलेले गाडीच्या मूळ वायरिंगमध्ये आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये. या प्लगच्या टोकाची स्प्रिंग कच्च्या रस्त्यावर हादऱ्यानं सैल होते, नीट टेकत नाही आणि तापते. प्लग बाहेर काढून बघा, टोकाभोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसेल. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, व्होल्टेज ११.१ च्या खाली जातं आणि 'हाय' सेटिंगवरचं बॅटरी संरक्षण, म्हणजे गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून असलेली सोय, फ्रिज बंद करतं.

यावर सेटिंग 'लो' करा, म्हणजे फ्रिज आणखी कमी व्होल्टेजपर्यंत चालू राहील, असा सल्ला हमखास मिळतो. एकच स्टार्टर बॅटरी असेल तर तो ऐकू नका. वायरिंग सुधारल्यावर 'लो' बॅटरी खरोखरच पिळून काढेल आणि संध्याकाळी गाडी सुरू होणार नाही.

खरा उपाय म्हणजे बॅटरीपासून डिकीपर्यंत स्वतंत्र केबल. बॅटरीच्या पॉझिटिव्हजवळ, शक्य तितक्या लगत, १५ अँपिअरचा फ्यूज. डिकीत अँडरसन प्लग, म्हणजे हादऱ्यानं सैल न होणारा जाड जोड. केबल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा: ऑस्ट्रेलियात '६ मिमी ऑटो केबल' म्हणून जी मिळते तिचे ६ मिमी हे प्लास्टिकसकट जाडीचे असतात, आत तांबं साधारण ४.६ चौरस मिमी. ८ बी अँड एस (तारेच्या जाडीचं एक माप) मागा, तिच्यात जवळजवळ ८ चौरस मिमी असतं. ५ मीटर अंतराला, जाऊन-येऊन धरून, घट ०.१ व्होल्टच्या आसपास राहते. नवा फ्रिज किंवा पोर्टेबल पॉवर स्टेशन (सोबत नेता येणारा बॅटरीचा डबा) घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

केबल बदलली आणि माझं मतही बदललं. आधी फ्रिजला पाचपैकी दोन तारे देणार होतो, आता चार. ई१ पुन्हा दिसलेलं नाही. पाचवा तारा त्या केबलपायी गेला. एवढ्या किमतीच्या वस्तूसोबत अशी केबल देणं आणि मॅन्युअलमध्ये त्याबद्दल अवाक्षर न काढणं, हे मला पटत नाही.

उभ्या गाडीसाठी एक युक्ती फार कामाची आहे. वाटेत, इंजिन चालू असताना, तापमान १ अंशावर ठेवा. दूध भिंतीला चिकटवून ठेवू नका, गोठतं. गाडी लावली की ४ वर आणा. आतलं सामान थंडगार असल्यानं सुरुवातीचा बराच वेळ कॉम्प्रेसर चालतच नाही. रिकाम्या जागेत पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या भरा. इडलीचं पीठ, दही असं सगळं यात आरामात टिकतं. ५ अंशांच्या वर मात्र जाऊ देऊ नका.

फ्रिजच्या हवेच्या जाळीच्या बाजूला १० सेंटिमीटर जागा मोकळी हवी. स्लीपिंग बॅग तिथे कोंबली की गरम हवा कोंडते आणि कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही. सावली शोधताना मोठ्या गम ट्रीखाली (निलगिरीच्या झाडाखाली) गाडी लावू नका, उन्हाळ्यात त्यांच्या फांद्या वाऱ्याशिवायही मोडून पडतात. इमारतीची सावली बघा, काचेला सनशेड लावा.

सहा तासांत साधारण १२ ते १५ अँपिअर-तास जातात, चांगल्या स्टार्टर बॅटरीला तेवढे झेपतात. रात्रीही विजेशिवाय राहणार असाल तर १०० अँपिअर-तासाची लिथियम बॅटरी आणि गाडी चालताना ती चार्ज करणारा डीसी-डीसी चार्जर लागेल. कॅम्पवर विजेची जोडणी असलेली जागा (पॉवर्ड साइट) घेणाऱ्यांनी तो खर्च करू नये.