क्लिनिकल सायकॉलॉजीचं एम.ए.: दीड वर्षानंतरचा अनुभव

तिसऱ्या सेमिस्टरची परीक्षा झाली, निकाल यायचाय. प्रवेश घेताना मी असाच एखादा अनुभव मराठीत शोधत होते. तेव्हा सापडल्या त्या नुसत्या क्लासच्या जाहिराती, म्हणून आता मीच लिहायला बसलेय.

आधी माझ्याबद्दल, म्हणजे माझं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. बी.ए. बार्शीला, मराठी माध्यमातून, मानसशास्त्र घेऊन. मग लग्न, पुणे, आणि धनकवडीतल्या एका पतसंस्थेत आठ वर्षं कारकुनी. हप्ता थकलेली माणसं काउंटरला टेकून हप्ता सोडून बाकी सगळं बोलायची. तिथूनच हे खूळ डोक्यात शिरलं. वयाच्या ३६व्या वर्षी नोकरी सोडली, तेव्हा सासऱ्यांनी एकच विचारलं, "म्हणजे तू गोळ्या लिहून देणार का?" नाही. गोळ्या मानसोपचारतज्ज्ञ देतात, ते एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एम.डी. झालेले डॉक्टर असतात. आमचं काम चाचण्या आणि बोलून केलेले उपचार.

पण हे कामसुद्धा नुसत्या एम.ए.वर करता येत नाही, ही पहिली ठेच. पदवीच्या नावात 'क्लिनिकल' असलं तरी ती घेऊन तुम्ही कायद्यानं क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची नोंदणी लागते आणि ती मिळते परिषदेनं मान्य केलेल्या अभ्यासक्रमावरच. आजवरचा नेहमीचा रस्ता म्हणजे एम.ए.नंतर दोन वर्षांचं पूर्णवेळ एम.फिल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही तशीच आहे. आता गंमत अशी, की नव्या शैक्षणिक धोरणानं एम.फिल.च मोडीत काढलं. क्लिनिकल सायकॉलॉजीला सूट मिळाली ती २०२५-२६ पर्यंत. तेव्हा माहितीपत्रकातले हसरे चेहरे बाजूला ठेवा, आरसीआयच्या संकेतस्थळावरची यादी उघडा आणि तुम्ही जो कोर्स घेताय तो त्यात आहे का ते बघा. माझा नव्हता. 'पुढे नोंदणीचं काय' असं मी प्रवेशाच्या खिडकीवर विचारलं होतं. "होतं सगळं मॅडम" एवढंच उत्तर मिळालं आणि मी, कर्जाच्या फायलीतलं प्रत्येक कलम वाचणारी बाई, फी भरून मोकळी झाले.

(१९९२ च्या आरसीआय कायद्यात नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. कोथरूडमध्ये माझ्या माहितीतले काही जण एका सेशनचे याहून जास्त घेतात.)

घरबसल्या होईल का, असं बऱ्याच जणी विचारतात. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केलेत. त्यामुळे आता कॉलेजात बसणं आलंच.

अभ्यासाचं म्हणाल तर संख्याशास्त्राला लोक उगाच घाबरतात. व्याजाचे तक्ते केलेल्या माणसाला टी-टेस्ट जड जात नाही. जड गेलं ते इंग्रजी. पहिले तीन महिने मी डीएसएम-५ चं, म्हणजे मानसिक आजारांचे निकष देणाऱ्या अमेरिकन पुस्तकाचं, एक पान वाचायला पाऊण तास घ्यायचे. आणि ते जमायला लागलं तेव्हा कळलं, की पेशंट त्या भाषेत बोलतच नाही. 'डिप्रेस्ड मूड' आहे असं कुणी सांगत नाही. 'जीव घाबरा होतो', 'कशात मन लागत नाही', 'डोक्यात मुंग्या येतात', 'कसंतरीच होतंय' असं सांगतात. यातलं 'कसंतरीच' नेमकं कुठल्या निकषात बसवायचं हे कुठल्याच पुस्तकात नाही.

खरा कोर्स सुरू झाला तो दुसऱ्या सेमिस्टरच्या प्रत्यक्ष कामात, एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात. मनाची तपासणी करताना लक्ष टिकतं का ते पाहायला शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. चौथीत शाळा सुटलेले एक काका ९३ वर अडकले. मी कागदावर खूण करणार, तेवढ्यात काउंटरवरची सवय जागी झाली. म्हटलं, "शंभराची नोट दिलीत, सात रुपयांचा चहा घेतला. परत किती? त्यातून अजून एक घेतला तर?" काका न थांबता ९३, ८६, ७९, ७२, ६५ असे उतरत गेले आणि वर म्हणाले, "सातला चहा कुठं मिळतो आता?" लक्ष शाबूत होतं, व्यवहारज्ञानही.

अमूर्त विचार तपासायला म्हणीचा अर्थ विचारतात. एका आजींना मी 'नाचता येईना अंगण वाकडं' विचारली. त्यांनी माझ्या हातातल्या थरथरत्या पॅडकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कुणाला म्हणतेस, मला की तुला?" (दोघांचेही तपशील बदलले आहेत.)

पुण्यात अजूनही कुणी वेड्यासारखं वागलं की 'येरवड्याला पाठवा' म्हणतात. मीही म्हणायचे. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय अडीच हजारांहून अधिक खाटांचं आहे, हे अभ्यासात वाचलं आणि मग ते वाक्य तोंडात आलं तरी अडकायला लागलं.

तक्रार साधनांची. चाळीस जणांत रोर्शाकच्या, म्हणजे शाईच्या डागांच्या चाचणीच्या, दहा कार्डांचा एकच संच, तोही कपाटात, आणि किल्ली सुट्टीवर. बिने-कामत या बुद्धिमापन चाचणीच्या पेटीतले दोन मणी हरवलेले. ही चाचणी कामतांनी १९३४ मध्ये कन्नड आणि मराठी मुलांसाठी बेतली होती. आपल्या भाषेत एवढं जुनं काम आहे आणि आम्ही मण्यांच्या जागी शर्टाची बटणं ओवून शिकलो.

सगळ्यात पैसे वसूल झाले ते सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे मॅडमच्या देखरेखीखालच्या सरावात. मैत्रिणीला पेशंट करून चाळीस मिनिटांची मुलाखत रेकॉर्ड करायची, मग शब्दन् शब्द उतरवून काढायचा. माझ्या पहिल्या कागदावर मॅडमनी लाल पेनानं अकरा गोल केले. प्रत्येक गोलात एकच वाक्य होतं: 'काळजी करू नका.' मैत्रीण काही सांगायला लागली, की मी लगेच ते म्हणून तिला गप्प करत होते. पतसंस्थेत रांग मोठी असली की मी हेच करायचे. तो कागद घरी फ्रिजवर लावला. नवऱ्यानं वाचला आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "घरी मोजायचे का?"

घ्यावं का हे एम.ए.? वर्षभरात प्रॅक्टिस थाटायची असेल तर नको. पुढची दोन वर्षं, प्रवेश परीक्षेची तयारी आणि तोवर घर चालवणारं कुणी असेल तर घ्या. माझा पुढच्या कोर्सचा अर्ज भरून झालाय. परवाच्या सरावाच्या मुलाखतीत गोल तीन पडले, त्यातला एक, मॅडम म्हणाल्या, चालेल.