क्वारोन, देल तोरो की इन्यारितू: आधी कुणाचे सिनेमे पाहावेत?

एखाद्या दिग्दर्शकाचे सिनेमे पहिल्यापासून ओळीनं पाहायचा नाद ज्यांना लागतो, त्यांच्यापुढे कधी ना कधी मेक्सिकोचे हे तिघे येऊन उभे राहतात: आल्फोन्सो क्वारोन, गिएर्मो देल तोरो आणि आलेहांद्रो गोन्झालेझ इन्यारितू. २०१३ ते २०१८ या सहा वर्षांतल्या सिनेमांसाठी दिग्दर्शनाची सहा ऑस्कर दिली गेली, त्यातली पाच या तिघांकडे गेली. तिघेही मेक्सिकोत वाढले, तिघेही एकमेकांचे जिवलग मित्र, आणि जगभर नाव झालं ते देशाबाहेर काम करून. आपल्याकडे मात्र नोकरी, घर, मुलांच्या परीक्षा यातून महिन्याला चार-पाच रात्री सुटल्या तरी पुष्कळ. एकालाच धरायचं तर कुणाला, हा प्रश्न मला आमच्या फिल्म क्लबमधले नवे सभासद नेहमी विचारतात.

माझं उत्तर क्वारोन. पण ते सगळ्यांना लागू पडणार नाही, म्हणून कारणं नीट मांडते. बक्षिसांची मोजदाद मी करत नाही. माणूस घर सोडून गेला तेव्हा बरोबर काय घेऊन गेला आणि पुढे त्याचं त्यानं काय केलं, एवढंच मी बघते. तिघांची कामं शेजारी शेजारी ठेवली की या एका बाबतीत ती फार वेगळी दिसतात.

क्वारोन मेक्सिको सिटीचा, जन्म १९६१चा. पहिला सिनेमा 'सोलो कोन तू पारेहा' (१९९१) मेक्सिकोतच केला, मग अमेरिका गाठली. तिथला पहिला मोठा सिनेमा 'अ लिटल प्रिन्सेस' (१९९५) आपण मराठी प्रेक्षकांनी मुद्दाम पाहावा असा आहे. हिंदुस्थानात वाढलेली एक छोटी इंग्रज मुलगी न्यूयॉर्कच्या बोर्डिंग शाळेत येऊन पडते आणि मैत्रिणींना रात्री रामायणातली गोष्ट सांगते. पडद्यावर निळा राम येतो, सीता येते, रावण येतो. आपल्याला ठाऊक असलेल्या रामायणाशी ते कितपत जुळतं यावर घरात वाद घालता येईल, पण अंधाऱ्या माळ्यावर गोष्टीच्या आधारानं तग धरणारी ती पोर क्वारोननं फार जिव्हाळ्यानं उभी केली आहे. मुलांना बरोबर घेऊन बघण्यासारखा हा त्याचा सिनेमा.

पुढचा 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' (१९९८) बिनसला. तो आपण चुकीच्या कारणांसाठी केला, असं त्यानं स्वतःच नंतर कबूल केलं आहे. हा सिनेमा वगळू नका, असं मी उलट सांगेन. देखणी चौकट, नामवंत नट, मोठा स्टुडिओ, आणि तरी जीव नाही. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पुढची उडी कळत नाही. कारण त्यानंतर तो मेक्सिकोत परतला आणि भाऊ कार्लोस याच्याबरोबर लिहिलेला 'इ तू मामा ताम्बिएन' (२००१) केला. दोन तरणी पोरं आणि त्यांच्याहून वयानं मोठी एक बाई, गाडीनं समुद्राकडे निघालेली. कॅमेरा खांद्यावर. तिघांची बडबड चालू असते आणि कॅमेरा मध्येच त्यांना सोडून खिडकीबाहेर पोलिसांनी अडवलेल्या माणसांकडे बघत राहतो, नाहीतर खाणावळीच्या आतल्या स्वयंपाकघरात शिरतो. निवेदक अधूनमधून अगदी थंड आवाजात, इथे पूर्वी काय घडलं आणि या माणसाचं पुढे काय होणार, ते सांगून जातो. मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा पोरांची गोष्ट पाहत होते; दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा फक्त खिडकीबाहेरचा मेक्सिको पाहिला. (हा मात्र मोठ्यांचाच सिनेमा, घरच्यांसमोर लावू नका.)

ही खिडकी मग त्यानं कधी सोडली नाही. 'चिल्ड्रेन ऑफ मेन' (२००६) इंग्लंडमधला, इंग्रजीतला, पण नजर तीच. नायक पुढे पळतोय आणि कडेला पिंजऱ्यात कोंडलेले निर्वासित दिसतात, त्यांच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. शेवटाकडच्या लढाईचा लांबलचक शॉट चालू असताना रक्ताचे थेंब कॅमेऱ्याच्या भिंगावर उडाले. क्वारोन 'कट' म्हणून ओरडला, पण स्फोटाच्या आवाजात ते कुणाला ऐकूच गेलं नाही, शॉट चालू राहिला, आणि तोच सिनेमात आहे. कॅमेऱ्यामागे होता एमान्युएल लुबेझ्की, क्वारोनचा विद्यार्थिदशेपासूनचा सोबती. 'ग्रॅव्हिटी', इन्यारितूचा 'बर्डमॅन' आणि 'द रेव्हेनंट' या तीन सिनेमांसाठी त्याला लागोपाठ तीन ऑस्कर मिळाली. तिघांतल्या दोघांना जोडणारा हा चौथा मेक्सिकन, त्याचं नाव लक्षात ठेवा.

'ग्रॅव्हिटी' (२०१३) ९१ मिनिटांचा, सात ऑस्करचा, आणि तंत्राची कमाल. टीव्हीवर तो निम्माच उरतो असं माझं प्रामाणिक मत, तेव्हा त्यावर जास्त लिहीत नाही.

मग 'रोमा' (२०१८). हॉलिवूडमध्ये जे जे शिकला ते सगळं घेऊन क्वारोन आपल्या बालपणीच्या घरात परत गेला. पहिलाच शॉट: फरशी, आणि कुणीतरी झाडूनं घासतंय एवढाच आवाज. फरशीवर पाणी येतं, पाण्यात आभाळाचा चौकोन दिसतो आणि त्या चौकोनातून एक विमान निघून जातं. मोरीच्या पाण्यात आभाळ पाहिलेल्या कुणालाही हा शॉट समजावून सांगावा लागत नाही. मग कळतं की फरशी धुणारी ही क्लेओ, मिश्तेक आदिवासी मोलकरीण, आणि अंगणात कुत्र्यानं केलेली घाण तिलाच रोज धुवायची आहे. त्याच चिंचोळ्या वाटेत घरमालक आपली अवाढव्य गाडी इंच-इंच पुढेमागे करत घुसवतो, हातातली सिगारेट न सोडता. माणूस कसा आहे ते त्या गाडी लावण्यावरूनच कळतं.

संपूर्ण सिनेमा कृष्णधवल, कॅमेरा या वेळी खुद्द क्वारोनचा. पार्श्वसंगीत नाही. त्याऐवजी धारवाल्याची बासरी, रताळीवाल्याच्या गाडीची शिट्टी, रस्त्यावरून जाणारा बँड. चित्रीकरण गोष्टीच्या क्रमानं केलं आणि नटांच्या हाती पूर्ण संहिता दिली नाही, त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावरचं गोंधळणं अनेकदा खरं आहे. १० जून १९७१ रोजी मेक्सिको सिटीत विद्यार्थ्यांवर झालेला हल्ला यात येतो तोही फर्निचरच्या दुकानाच्या खिडकीतून. 'इ तू मामा'मधली खिडकी इथे पुन्हा भेटते. ओळीनं पाहण्याचा मोबदला तो हाच. 'रोमा'ला व्हेनिस महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन लायन, मिळाला, तीन ऑस्कर मिळाली, आणि सिनेमा अर्पण केला आहे लिबोला, क्वारोनला लहानपणी सांभाळणाऱ्या बाईंना.

आता देल तोरो. गुआदालाहाराचा, जन्म १९६४चा. हा घडला मेकअप आणि रबरी मुखवट्यांच्या कामातून. आधी त्याचीच स्पेशल इफेक्ट्सची कंपनी होती. पहिला सिनेमा 'क्रोनोस' (१९९३) मेक्सिकोत केला. अमेरिकेतला पहिला, 'मिमिक' (१९९७), याचं अंतिम संकलन त्याच्या हातात राहिलं नाही आणि त्याच्या मनासारखी आवृत्ती २०११ साली बाहेर आली. 'मिमिक'च्याच सुमारास गुआदालाहारात त्याच्या वडिलांचं अपहरण झालं. ते सत्तरहून जास्त दिवस डांबलेले होते. खंडणी भरून ते सुटले आणि देल तोरोनं कुटुंबासह देश सोडला. 'क्रोनोस'नंतर नटांना घेऊन केलेला एकही चित्रपट त्यानं मेक्सिकोत चित्रित केलेला नाही. क्वारोनला परत जाण्याची जशी मुभा होती तशी याला उरली नव्हती, हे त्याचे सिनेमे बघताना मनात असू द्यावं.

म्हणून त्यानं घर पाठीवर घेतलं. वेताळ, भूतं, किडे, देवळातले रक्ताळलेले संत, लहानपणीची कॅथलिक भीती, हे सगळं तो जाईल तिथे घेऊन गेला: स्पेनमध्ये, प्रागमध्ये, टोरोंटोमध्ये. त्याची एक सवय मला फार आवडते. तो चामडी बांधणीच्या वह्यांत चित्रं आणि टिपणं ठेवतो. 'पॅन्स लॅबिरिंथ'ची वही तो लंडनमध्ये टॅक्सीत विसरला होता, आणि टॅक्सीवाल्यानं ती शोधत आणून दिली. ती हरवली असती तर त्या सिनेमाचं काय झालं असतं, या विचारानं आजही धस्स होतं. १९४४चा स्पेन, हुकूमशहा फ्रँकोचा कप्तान, त्याच्या घरात आलेली एक वाचनवेडी पोर. जेवणाच्या भरल्या टेबलाशी बसलेला तो फिकट राक्षस, डोळे ताटलीत काढून ठेवलेले, ते तो तळहातात बसवतो आणि हात चेहऱ्यासमोर धरून बघतो. संगणकावर अवलंबून न राहता तो एका नटाच्या अंगावर चढवला आहे. त्या नटाला बाहेरचं दिसायचं ते मुखवट्याच्या नाकपुड्यांतून. हे कळल्यावर त्या राक्षसाची अडखळती चाल आणखी अंगावर येते. (राक्षस आहेत म्हणून मुलांना दाखवू नका, कप्तानाची हिंसा राक्षसापेक्षा भयंकर आहे.)

पुढे 'द शेप ऑफ वॉटर' (२०१७) टोरोंटोत केला आणि सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शन धरून चार ऑस्कर मिळवली. 'पिनोकिओ' (२०२२) या बाहुल्यांच्या ॲनिमेशनपटाचं काही काम गुआदालाहारातल्या कलाकारांकडून झालं. घरी परतण्याचा त्याचा मार्ग हा निघाला.

इन्यारितूबद्दल थोडक्यात, कारण त्याच्याविषयी माझं मन दुभंगलेलं आहे. मेक्सिको सिटीत रेडिओवर होता, मग जाहिरातींत. 'आमोरेस पेर्रोस' (२०००) हा पहिलाच सिनेमा इतका जळता आहे की पुढचे त्याच्यासमोर मला सजवलेले वाटतात. कुत्र्यांच्या झुंजी बघवत नसतील तर मात्र दूर राहा. 'बर्डमॅन' आणि 'द रेव्हेनंट' यांनी त्याला लागोपाठ दोन वर्षं दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवून दिलं. दुसरा कॅनडात उपलब्ध उजेडावर चित्रित करत असताना बर्फ वितळलं, तेव्हा अख्खा चमू दक्षिण अर्जेंटिनात नेला. ही जिद्द मला दिपवते, पण तिची आठवण सिनेमाभर करून दिली जाते, तिथे मी थकते. 'बार्दो' (२०२२) मात्र बघा. अमेरिकेत राहून नाव कमावलेला मेक्सिकन माणूस मायदेशी येतो आणि दोन्हीकडे परका ठरतो, ही त्याची स्वतःचीच गोष्ट आहे. शिकागो, दुबई, सिडनीत वीस वर्षं काढलेल्या मराठी वाचकांना तो माझ्याहून जास्त भिडेल, आणि त्यांनी इन्यारितूपासूनच सुरुवात केली तरी मी अडवणार नाही.

तिघांची तुलना करताना एक गोष्ट विसरायची नाही: हे एकमेकांचे सिनेमे दुरुस्त करतात. 'आमोरेस पेर्रोस' लांबला होता, तेव्हा देल तोरो विमानानं येऊन मित्राच्या घरी राहिला आणि कापाकापीला मदत केली. हॅरी पॉटरच्या तिसऱ्या सिनेमाची विचारणा झाली तेव्हा क्वारोननं नाक मुरडलं, तर देल तोरोनं त्याला फोनवर सडकून शिव्या दिल्या आणि आधी पुस्तकं वाच म्हणून सांगितलं.

क्वारोनकडे माझा कल झुकण्याचं आणखी एक कारण घरचंच आहे. 'कोर्ट' करणाऱ्या चैतन्य ताम्हाणेला एका जागतिक कला-उपक्रमात क्वारोनचं मार्गदर्शन मिळालं, 'रोमा'च्या चित्रीकरणावर हजर राहता आलं. नंतर ताम्हाणेच्या 'द डिसायपल' या मराठी सिनेमाचा क्वारोन कार्यकारी निर्माता झाला. त्या सिनेमाला २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला. 'रोमा' आणि 'द डिसायपल' पाठोपाठ पाहा. दूर उभा राहून शांतपणे वाट पाहणारा कॅमेरा दोन्हीकडे आहे.

तेव्हा भीती, परीकथा, हातानं घडवलेल्या वस्तू यांत रमत असाल तर देल तोरो घ्या, 'क्रोनोस'पासून. स्वतः परदेशी असाल तर 'बार्दो'. बाकी सगळ्यांनी क्वारोनचा 'इ तू मामा' पहिल्या शनिवारी लावावा, मध्ये 'चिल्ड्रेन ऑफ मेन', आणि 'रोमा' सर्वांत शेवटी. फोनवर नाही, मोठ्या पडद्यावर, आणि पंखा बंद करून: ती धारवाल्याची बासरी फार लांबून येते.