प्रोग्रेसिव्ह चष्मा घ्यावा का? वापरानंतरचा अनुभव

एकाच काचेत वर लांबचा नंबर, खाली वाचायचा आणि मध्ये हळूहळू बदलत जाणारा, तो प्रोग्रेसिव्ह चष्मा. दिवाळीच्या आधी घेतला, आता पावसाळा तोंडावर आलाय. फिरायला, बाजारहाटाला, वाचायला झकास. कॉम्प्युटरपुढे दिवसभर बसायला मात्र नको.

माझा लांबचा नंबर उणे २, त्यात चाळिशीचे अधिक २. म्हणजे काचेच्या खालच्या भागात बेरीज शून्य! “मग चष्मा काढून वाच की,” बायको म्हणाली. बरोबरच आहे, उणे २ वाल्याला पुस्तक चष्म्याशिवाय स्वच्छ दिसतं. पण ठाण्यात नौपाड्याच्या बाजारात एका हातात भाजीची पिशवी धरून मोबाइलवर पैसे भरताना दर वेळी चष्मा कपाळावर कोण चढवणार?

गंमत म्हणजे हा शून्य नंबरचा भागही पुढून फुगीरच असतो. बाहेरची बाजू बहिर्वक्र, डोळ्याकडची अंतर्वक्र, आणि नंबर ठरतो दोन्हींच्या बाकातल्या फरकावर. बाहेरचा फुगवटा वरचढ असेल तर किरण एकवटतात, आतला खोलगटपणा वरचढ असेल तर फाकतात. प्रोग्रेसिव्हमध्ये हा फरक वरून खाली हळूहळू बदलत नेतात. १९५९ साली फ्रान्समध्ये बर्नार मेतनाझ यांची व्हॅरिलक्स ही प्रोग्रेसिव्ह काच आली आणि बायफोकलच्या, म्हणजे दोन नंबरांच्या काचेतल्या, रेघेतून सुटका झाली.

पण बाक असा उभा बदलत नेला की दोन्ही बाजूंना नको असलेला सिलिंडर नंबर, म्हणजे एका दिशेला वेगळाच पडून धूसर दाखवणारा नंबर, तयार होतोच. कितीही महाग काच घ्या, तो इकडेतिकडे पसरवता येतो, घालवता येत नाही. नंबर जितक्या कमी उंचीत बदलायचा, तितक्या बाजू जास्त धूसर. म्हणून बुटकी फ्रेम टाळा, कितीही शोभत असली तरी. आणि माप! पहिल्या दुकानदाराने बुबुळाची उंची न मोजताच काच बसवली. वाचायचा भाग इतका वर आला की समोरचा माणूस बघायला हनुवटी छातीला टेकवावी लागायची. दुसऱ्याने फ्रेम चेहऱ्यावर चढवून पेनाने खुणा केल्या, तेव्हा जमलं.

ठाणे स्टेशनचा जिना उतरताना सुरुवातीला जीव मुठीत. पायऱ्या खालच्या भागातून दिसतात आणि तो भाग वाचण्यापुरता, त्यामुळे मान खाली घालूनच उतरायचं. पंधरवड्यात सवय होते.

१.६७ची (हा काचेचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाश किती वाकवते त्याचा आकडा) पातळ काच गळ्यात मारतील. उणे २ ला तिची गरज नाही. उलट तिचा अबे आकडा ३२च्या आसपास, साध्या प्लास्टिकचा ५८. आकडा कमी म्हणजे रंग जास्त फाकतात. जास्त नंबरवाल्यांना कडेने बघताना दिव्यांना रंगीत किनार दिसते ती त्यामुळेच.

आता कॉम्प्युटर. स्क्रीन ६५ सेंटिमीटरवर, म्हणजे जवळपास दीड डायॉप्टरचं (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) काम, आणि ते पडतं मधल्या पट्ट्यात, जो सगळ्यात अरुंद. हनुवटी वर करून मान आखडली. शेवटी उणे २ मध्ये हे दीड मिळवून उणे अर्ध्याचा साधा एकनंबरी चष्मा करून घेतला, तो वागळे इस्टेटच्या ऑफिसातच ठेवतो. दोन्हींचं बजेट धरूनच दुकानात जा.