टीव्हीचा आवाज ५५ वरून १८ वर: वायरलेस हेडफोनचे सहा महिने

भुसावळच्या लोको शेडमध्ये, म्हणजे रेल्वे इंजिनं दुरुस्त करतात तिथे, ३१ वर्षं काढली. ब्लोअर, कॉम्प्रेसर, ग्राइंडर आणि मधूनच कुणीतरी टेस्टिंगला वाजवलेला हॉर्न. कानात बोळे घालायचे असतात हे तेव्हाही माहीत होतं, पण घातले कुणी! जळगावच्या कानाच्या डॉक्टरांनी ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा आलेख, दाखवला, त्यात रेघ ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजापाशी, खड्ड्यात गेल्यासारखी खाली उतरलेली. म्हणाले, आवाजात काम केलेल्यांचा आलेख असाच असतो.

ज्याचे कान चांगले आहेत त्याला एक गोष्ट समजत नाही. मला आवाज येतो, शब्द येत नाहीत. स, श, थ, फ ही अक्षरं उंच पट्टीतली, तीच आधी गळतात. मागच्या पावसाळ्यात बातम्यांत सांगितलं, हतनूर धरण साठ टक्के भरलं. मी ऐकलं ‘आठ टक्के’ आणि सौ.ला टाकी भरून ठेवायला लावली. आवाज वाढवून यात काही फरक पडत नाही, धरण फक्त मोठ्यांदा आठ टक्के होतं. त्यात हल्लीच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर मागे नाहीतर खाली तोंड करून, आणि मे महिन्यात शेजारी कूलर घुमतोय. तरी मी ५५ वर ठेवायचो. समोरचा पोरगा एकदा म्हणाला, “काका, तुमच्या बातम्या आमच्या घरी फुकट ऐकू येऊन राह्यल्या.”

आधी फसलो ते सांगतो. एका दुकानदाराने ब्लूटूथचा हेडफोन गळ्यात मारला. आमच्या जुन्या टीव्हीत ब्लूटूथ नाही, म्हणून वर एक डबी वेगळी. क्रिकेटमध्ये चेंडू फिल्डरच्या हातात गेल्यावर बॅटचा टक्क आवाज यायचा. मी अर्धं बोलणं ओठांवरून ओळखतो, त्यामुळे ओठ आणि आवाज जुळले नाहीत की होतं तेही जातं. आठ दिवसांत तो नातवाला दिला.

आताचा आहे तो रेडिओ लहरींवर चालणारा, टीव्हीसाठीच बनवलेला. ४,२०० रुपये पडले. टीव्हीजवळ एक स्टँड ठेवायचा, हेडफोन त्यावर अडकवला की चार्ज होतो. ओठ आणि शब्द बरोबर जुळतात. उजव्या-डाव्या कानाचा आवाज वेगळा करता येतो, माझा डावा जास्त गेलाय, त्यामुळे हे बटण मला सगळ्यात मोलाचं. आणखी एक बटण बोलणं पुढे आणतं, मागचं ढँण ढँण दबतं.

जोडताना मात्र गंमत झाली. टीव्हीच्या हेडफोनच्या भोकात पिन घातली की टीव्हीचा स्पीकर बंद. मी ऐकतोय आणि सौ. मुक्याने मालिका बघतेय! मग नातवाने वायर सेट टॉप बॉक्सच्या मागच्या लाल-पांढऱ्या जागेत लावली. आता टीव्ही १८ वर तिच्यासाठी, माझा आवाज माझ्या कानाशी. फक्त टीव्हीतलंच यूट्यूब लावलं तर आवाज बॉक्समधून जात नाही, म्हणजे कीर्तन ऐकायचं तर वायर पुन्हा फिरवायची. दर एकादशीला मी टीव्हीमागे वाकलेलो असतो.

तक्रारी आहेतच. कानाचं मशीन घालून वर हेडफोन चढवला की शिट्टी वाजते, म्हणून मशीन काढावं लागतं. मग बेल वाजो की सौ. हाक मारो, मी ठार. ती आता सरळ टीव्हीसमोर येऊन उभी राहते. दुसरा हेडफोन त्याच स्टँडला जोडता येतो असं खोक्यावर लिहिलंय. तिला विचारलं, तर म्हणे, घरात एकाला तरी कुकरची शिट्टी ऐकू यायला हवी.

आणि उन्हाळा. आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा कानावरचे रेक्झिनचे गोळे घामाने चिकटतात, दोन महिन्यांत सोलायला लागले. सौ.ने जुन्या सुती लुगड्याच्या खोळी शिवून दिल्या, त्या दर रविवारी धुवायच्या.

पाचपैकी चार. घेणाऱ्याने दुकानात लावून, बातम्या चालू करून, ओठांकडे बघतच घ्यावा. आणि बॉक्सला मागे लाल-पांढरी जागा आहे का ते घरून पाहून निघावं, मी तेवढ्यासाठी दोन चकरा मारल्या.